दिव्याला न दिसणारं पाणी

हुकुंत्सी, ९ सप्टेंबर १९९६

भाच्या मोलेफी,

आम्ही बरे उठलो. तू कसा उठलास हे रीतीप्रमाणे विचारायची आज माझी इच्छा नाही, पण तुझी आई शेजारी बसली आहे म्हणून विचारतो.

कान्येला मुलीच्या घरी काय झालं ते तुझ्या कानावर गेलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण बाकीचे तिखटमीठ लावून सांगतील. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. तुझ्या मावश्या चौकड्यांची घोंगडी पांघरून मागे, तुझी आई त्यांच्यामध्ये अंग चोरून, आणि पुढे मी नि माझा धाकटा भाऊ ओबुसित्से. गरमीत जीव जात होता, तरी दोघांच्या अंगात कोट. मागणी घालायला जाताना कोट नसला तर माणूस नागडाच समजतात.

उजेड होता तोवर सगळं झकास. अंधार पडला तसा डॅशबोर्डवर लाल दिवा दिसायला लागला. पाण्याचा दिवा. तूच दाखवला होतास. "मामा, हा लागला की पाणी संपलं समजायचं. एक पाऊल पुढे जायचं नाही, नाहीतर इंजिन बसलंच." मी तुझं ऐकलं. वाळूत गाडी उभी केली, गार होऊ दिली, झाकण उघडलं. टाकी काठोकाठ! पुन्हा निघालो तर दिवा लालच. गरमी दाखवणारी सुई गाडी घेतली तेव्हापासून मेलेली, ती काय सांगणार? टाकी खरं बोलते की दिवा? मागे माझ्या बहिणी बसलेल्या, पुढे कांग गावापर्यंत माणूस नाही. मी थांबलो. पहाटे एक ट्रकवाला आला, त्याने दोर बांधून ओढत नेलं.

मागणी घालणारे सूर्याच्या आधी फाटकाशी बसलेले असतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या शेळ्या चरायला गेल्या होत्या. मुलीचा मामा माकेपे फाटकाशी आला. मी टोपी काढली, जमिनीवर बसलो. मुलीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून रीतीप्रमाणे म्हणालो, "आम्ही पाण्याचा तुंबा मागायला आलो आहोत."

तो म्हणाला, "गाडीत पाणी नाही म्हणून वाटेत बसून राहिलात, आणि तुंबा आमच्याकडे मागता? आधी घरची टाकी भरा!"

आत बायका फिसकन हसल्या. मी म्हणालो, "गाडी आमच्या भाच्याने त्याच्या हाताने तयार केली आहे. हे त्याचं काम." यात खोटं काय बोललो? तर माकेपे म्हणतो, "म्हणजे नवरदेवाचंच काम! ज्याची गाडी मामाला धड पोचवत नाही, तो आमच्या मुलीला कुठे पोचवणार?" आणि आम्हाला पाणीही न विचारता परत पाठवलं.

तुझा बाप खाणीत कामाला गेला तेव्हापासून तुझ्या वतीने बोलायचं तोंड मी आहे. ते तोंड काळं करून मी घरी आलो. चावडीकडे जायची सोय राहिली नाही. ती गाडी बाभळीखाली उभी आहे, कोंबड्या तिच्यावर चढून बसतात. तो दिवा नीट कर, नाहीतर येऊन तुझी गाडी घेऊन जा.

तुझा मामा
केबोनांग

ता.क. तुझा कुत्रा गेल्या महिन्यात मेला. म्हातारा झाला होता.


लोबात्से, १७ सप्टेंबर १९९६

मामा,

आम्ही उठलो, पण बरे उठलो असं कसं म्हणू? तुमचं पत्र मी गॅरेजच्या मागे जाऊन वाचलं. आईला त्या गाडीतून उतरून परत चढावं लागलं, ते माझ्यामुळे. मला तोंड वर करवत नाही.

इथे सगळ्यांना कळलंय. काल एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "माझी गाडी तुझ्या हाताखाली नको, मला लग्नाला जायचंय." सगळे हसले, मीही हसलो. गोसेगो शिवणाच्या शाळेतून सुटल्यावर रोज भेटायची, ती या आठवड्यात एकदाच आली. म्हणाली, "घरचे काय म्हणतात ते मी ऐकून घेईन. पण मी तुला होकार दिला तो तुझं काम बघून दिला. तू एक स्क्रूही सैल सोडत नाहीस म्हणून."

आता गाडीचं. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत वरून एक सेन्सर बसवला आहे. त्याला खाली दोन पिना आहेत. पिना पाण्यात बुडाल्या की एकीतून दुसरीत वीज जाते आणि दिवा विझतो. पाणी उतरलं की वीज तुटते आणि दिवा लागतो. एवढीच त्याची अक्कल. तेव्हा असं करा. सेन्सरवरून वायरीचा जोड काढा आणि जोडाची दोन टोकं एखाद्या तारेने एकमेकांना जोडा. दिवा विझला तर वायर चांगली आहे आणि सेन्सर खराब आहे. नवा सेन्सर बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, तो बसवा. पिनांना बोट लावू नका, हाताचं तेल लागतं.

आणखी एक. मी भरलं होतं त्यावर काही ओतलंत का? विचारायचं म्हणून विचारतो, राग मानू नका.

कुत्र्याचं वाचून वाईट वाटलं. तो इतका म्हातारा कधी झाला, मला कळलंच नाही. पिल्लू असताना मी त्याला कोटाच्या खिशातून आणलं होतं.

तुमचा
मोलेफी


हुकुंत्सी, २७ सप्टेंबर १९९६

भाच्या,

सेन्सर मिळाला. ड्रायव्हरने तो सॅंडविचच्या पिशवीत आणला, वास अजून येतोय.

तू लिहिलंस तसं केलं. मामीच्या केसांची पिन वाकवून वायरीची दोन टोकं जोडली. दिवा गपकन विझला. मी म्हटलं, जिंकलो. मग तुझा कोरा करकरीत सेन्सर बसवला, तर दिवा पुन्हा लाल! पिनेचं ऐकतो आणि तुझ्या नव्या वस्तूचं ऐकत नाही. मामी म्हणते, पिनच राहू द्या, पुढच्या मागणीला माझे केस मोकळे सोडून येते.

पाण्याला काही झालेलं नाही. मी पेल्यात घेऊन उजेडात धरून पाहिलं. इतकं निर्मळ की पेल्याचा तळ दिसतो. उगाच माझ्या पाण्यावर घसरू नकोस.

इथे चहाची पंचाईत झाली आहे. छपराखालची पावसाच्या पाण्याची टाकी आटली, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा चहा म्हणजे औषध. मामी कप आपटून ठेवते. पाऊस पडेपर्यंत असंच चालायचं.

आता खरी गोष्ट. माकेपेचा निरोप आला. ते आम्हाला एकदा, फक्त एकदा, परत येऊ देतील. पण त्याआधी चूक ज्याची त्याने स्वतः त्यांच्या फाटकाशी यायचं, कोट काढायचा आणि सगळ्यांसमोर कबूल करायचं. नाहीतर विषय संपला. नवरदेवाने मागणी पार पडेपर्यंत तिकडे फिरकायचंही नसतं, पण ते तुलाच बोलावताहेत. मी काय सांगू त्यांना?

केबोनांग


लोबात्से, ५ ऑक्टोबर १९९६

मामा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी गॅरेजमध्ये एक दिवा, बॅटरी आणि तसाच सेन्सर जोडला आणि तीन पेले घेतले. एकात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला भरतात ते औषधी पाणी, त्यात पिना बुडवल्या, दिवा विझला. नळाच्या पाण्यात बुडवल्या, विझला. तिसऱ्या पेल्यात आमच्या मालकांच्या टाकीतलं पावसाचं पाणी होतं. पिना पूर्ण बुडाल्या तरी दिवा लाल.

पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, मामा. वीज जायला त्यात काही नाहीच. आपल्याला ते पाणी सगळ्यात चांगलं, पण दिव्याला ते दिसतच नाही. तुमच्या बोअरचं खारं पाणी असतं तरी त्याला दिसलं असतं, मग त्याने इंजिनाची वाट लावली असती ते वेगळं.

मी भरलं होतं ते कूलंट हिरवं होतं. तुम्ही लिहिता, पेल्याचा तळ दिसतो.

घरात कोणी बदललं असेल. गुरांमागचा माणूस असेल, कोणीही असेल. मी विचारत नाही आणि मला कळायलाही नको. माझं एवढंच म्हणणं आहे, की तिकडे मागणी तुमच्या तोंडाने घालायची आहे. ते तोंड त्या फाटकाशी खाली गेलं तर पुन्हा तुंबा मागायला वर कसं होणार? माझं आधीच खाली आहे. तेव्हा मी कान्येला जातो, कोट काढतो आणि सांगतो की पाणी मी बदललं, मला कळलं नाही. चारचौघांत हसतील. हसू दे.

गोसेगोने मला सरळ विचारलं, "तुझी चूक होती का?" मी हो म्हणालो. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली.

तुमचं उत्तर आलं की निघतो.

मोलेफी


हुकुंत्सी, १४ ऑक्टोबर १९९६

भाच्या,

पत्र मिळालं. पेल्यांचं समजलं. घरात कोणी केलं असेल, सांगता येत नाही. इथे बरेच हात आहेत.

ठीक आहे, तू म्हणतोस तसं कर. तू तरुण आहेस, लोक विसरतील. माझ्या वयाला ते झेपणार नाही.

कोट मात्र चांगला घालून जा, काढायचा असला तरी.

केबोनांग


हुकुंत्सी, २७ ऑक्टोबर १९९६

मोलेफी,

हे पत्र मिळायच्या आत निघाला असशील तर जिथे असशील तिथून परत फिर. कान्येला जायचं काम राहिलं नाही. मी जाऊन आलो.

त्या छोट्या पत्रानंतर घरात काय झालं ते आधी सांगतो. तुझं पत्र मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. मामीने कोट झटकायला घेतला आणि ते वाचलं. मला विचारलं, "याला तुम्ही काय लिहिलंत?" मी सांगितलं, "ठीक आहे म्हणालो." ती उठली. किटलीत तिने थोडं पावसाचं पाणी आजारपणासाठी राखून ठेवलं होतं, ते माझ्यासमोर आणून ठेवलं. म्हणाली, "घ्या. हेही गाडीत ओता."

मग मी ते पेल्यात घेतलं आणि तुझा सेन्सर वायरीसकट त्यात बुडवला. लाल. बोअरचं पाणी घेतलं. विझला. पुन्हा पावसाचं. लाल. पोरासारखा तिथे बसून राहिलो. मला इतकी लाज वाटली, भाच्या, की आत जेवायला जाववेना. दिव्याची नाही, माझ्या त्या चार ओळींची.

पाणी मीच बदललं. निघायच्या दिवशी सकाळी. हिरवं सगळं सोडून दिलं आणि स्वच्छ येईपर्यंत इंजिन आतून धुतलं, मामीची अख्खी टाकी त्यात गेली. का, तेही सांगतो. ऑगस्टमध्ये गाडी तयार करून देताना तू जुनं हिरवं पाणी थाळीत काढलंस आणि थाळी बाभळीखाली तशीच राहिली. ते चवीला गोड असतं म्हणे. तुझ्या कुत्र्याने चाटलं. फार हाल होऊन गेला तो. म्हातारा वगैरे काही नव्हता. तू त्याला खिशातून आणलं होतंस, तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून नाही सांगितलं. आणि त्यानंतर ते हिरवं माझ्या डोळ्यांसमोर नको झालं. तुझ्यासाठी मुलगी मागायला जायचं आणि खाली ते विष घेऊन जायचं? मी म्हटलं, अशा कामाला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी बरोबर हवं.

इथवर माझी चूक लहान होती. "मी विचारत नाही," असं तू लिहिलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं. तू मला वाट काढून दिलीस आणि मी तुझ्या पाठीवरून चालत गेलो.

तर गुरांच्या ट्रकमधून कान्येला गेलो. उजाडायच्या आत फाटकाशी जाऊन बसलो. कोट काढला, घडी करून समोर ठेवला. माकेपे आला, त्याने आतल्या सगळ्यांना बोलावलं, बायकांनाही. मी पाण्याचं सांगितलं. कुत्र्याचं सांगितलं. मग त्या पत्राचं सांगितलं, की पोरगा माझ्याऐवजी इथे यायला निघाला होता आणि मी त्याला येऊ देत होतो.

या खेपेला कोणी हसलं नाही. गोसेगोची आत्या, एक उंच बाई, पुढे आली. म्हणाली, "पाणी माणूस चुकून ओततो. पोराला पुढे करतो ते चुकून नाही." मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "कोट घाला." आणि आतून चहा आणला. गोड पाण्याचा चहा होता.

एक गोष्ट नवल वाटली. त्या बाईला मी काही नवीन सांगतोय असं वाटलंच नाही. जणू तिने माझ्या तोंडावरूनच सगळं ओळखलं होतं. अशा घरात तुला सासुरवाडी मिळतेय, जपून राहा.

नऊ नोव्हेंबरला त्यांनी आपल्याला बोलावलं आहे. पण बोलायचं मी नाही. ओबुसित्से बोलेल. तो 'पाण्याचा तुंबा' म्हणताना अडखळतो, त्याला रोज संध्याकाळी शिकवतोय. मी गाडी चालवेन आणि फाटकाबाहेर बसेन. तुझ्या जन्मापासून मी ते एक वाक्य तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. ते बरोबरच आहे, मी तक्रार करत नाही.

गाडीत काय भरायचं ते तूच सांग. मी हात लावत नाही.

तुझा मामा


लोबात्से, २ नोव्हेंबर १९९६

मामा,

तुमचं पत्र बसच्या थांब्यावर मिळालं. गॅरेजमधून रजा मिळायला इतके दिवस लागले होते, आणि मी कोट घालून कान्येच्या बसची वाट बघत होतो. तिथेच बसून वाचलं, आणि बस निघून गेली.

गोसेगोच्या आत्याने तुमच्या तोंडावरून काही ओळखलं नाही, मामा. तिला माहीत होतं. तुमचं "ठीक आहे, तू म्हणतोस तसं कर" आलं, त्या संध्याकाळी मी गोसेगोला सगळं सांगून टाकलं. मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, की मला कळायलाही नको, हसू दे? ते सगळं त्या चार ओळींनी उतरलं. मला राग आला होता. गोसेगो माझ्या हाताकडे बघायची ते मला सहन होत नव्हतं. मी म्हणालो, "मी नाही केलं ते, माझ्या मामाने केलं, आणि आता तो मलाच पाठवतोय." ती त्याच शनिवारी घरी गेली. आत्याला सांगितल्याशिवाय ती राहणार नाही हे मला कळत होतं. तरी सांगितलं.

म्हणजे तुम्ही उजाडायच्या आत जाऊन, कोट काढून जे सांगितलंत ते त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी तुम्हाला ते बोलू दिलं. आणि मी इथे चांगला कोट घालून, सगळ्यांचं पाप डोक्यावर घेणारा भाचा म्हणून बसची वाट बघत होतो. वर जायचं होतं ते कशाला? तर त्या लोकांसमोर तुम्हाला झाकायचा देखावा करायला.

आत्या गोसेगोकडे इथे लोबात्सेला आली होती, तेव्हा मी तिला भेटलो. म्हणालो, मामालाच बोलू द्या. ती म्हणाली, "त्याचं तोंड आम्ही नाही बंद केलं. त्यानेच ते धाकट्या भावाला दिलं. आम्ही विचारलंही नव्हतं." तुम्ही मला लिहिताना हे गाळलंत. तुमचं गाळण्याचं सुटत नाही, मामा. आणि माझं सांगून टाकण्याचं.

आता थाळीचं. ती मी ठेवली होती, आणि मला आठवतंय. आईने जेवायला हाक मारली, मी म्हटलं नंतर उचलतो. कूलंट गोड असतं, जनावर चाटतं, हे मला कामाला लागल्यावर सगळ्यात आधी शिकवलं होतं. एक स्क्रूही सैल सोडत नाही म्हणून जिने होकार दिला, तिला मी हेही सांगितलं आहे. ती रडली, कुत्र्यासाठी की माझ्यासाठी ते मी विचारलं नाही. पण आता रोज भेटायला येते.

तर मी सात तारखेला येतो. नवरदेवाने त्या घराला दिसायचं नसतं, म्हणून कान्येच्या अलीकडे मला उतरवा, तिथून मी चालत कुठेतरी जाऊन बसेन. पण तोवर पुढच्या सीटवर तुमच्या शेजारी मी बसणार. ओबुसित्सेमामांना मागे मावश्यांमध्ये बसवा, तिथे त्यांची उजळणी होईल. आणि फाटकाशी ते अडखळले तर बाहेरून सांगायला तुम्ही आहातच. गोसेगो म्हणते, तिला आतून तुमचा आवाज ओळखू येईल.

येताना हिरवं कूलंट घेऊन येतो. मामी लिहिते, तिने नवं पिल्लू आणलंय आणि ते सगळीकडे तोंड घालतं. तुमचं पावसाचं पाणी काढताना इंजिनात राहिलेलं थोडं हिरवंही बाहेर येईल. या वेळी ते मी झाकणाच्या डब्यात घेणार आहे आणि डबा इकडे परत आणणार आहे. काम पूर्ण होईपर्यंत जेवायला हाक मारली तरी उठणार नाही, हे आईला सांगून ठेवा.

तोवर पिल्लाला बांधून ठेवा, मामा.

तुमचा
मोलेफी